नकाशाबाहेरचं पाणी

"केरोगा? तो मेला ना मागच्या वर्षी?"

पाठीमागच्या टेबलावरचा आवाज कोवळा होता, आणि त्यात द्वेष नव्हता. द्वेष असता तर बेलार्मिनो केरोगांना तो चटकन ओळखता आला असता. कितीतरी वर्षं तो त्यांच्या रोजच्या खाण्यापिण्यातलाच जिन्नस होता. दुसरा आवाज म्हणाला, "हो, बहुतेक. छापून आलं होतं कुठेतरी." मग दोघं बंदरावरच्या नव्या दिव्यांबद्दल बोलू लागले. केरोगांच्या हातातला बर्फाळ सरबताचा चमचा तोंडाशी येऊन थांबला होता, त्यातला एक थेंब मांडीवर पडला. वळावं, उठावं, टोपी काढून किंचित झुकावं आणि म्हणावं, पोरांनो, अजून आहे मी. पूर्वी त्यांनी असं केलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या बेलेम शहरात तो किस्सा झाला असता. पण ते वळले नाहीत. कारण क्षणभर त्यांनी खरोखरच आठवून पाहिलं होतं: मेलो का आपण? कशानं? आणि त्या शोधण्याच्या क्षणात त्यांना जे वाटलं ते त्यांना फार विचित्र वाटलं. राग नव्हता तो. गर्दीच्या सभेतून मागच्या दाराने बाहेर पडून गार हवेत उभं राहावं, तसं काहीतरी होतं.

आंब्यांच्या झाडांखालून ते घरी निघाले तेव्हा दुपारचा रोजचा पाऊस होऊन गेला होता आणि फरसबंदीवर पिकले आंबे फुटून पडले होते. या रस्त्यावर हे दगड त्यांनीच बसवले होते. म्हणजे त्यांच्या सहीने बसले होते. तेव्हा ते प्रांताचे गव्हर्नर होते आणि रबराचा पैसा नदीसारखा यायचा. नाटकगृहाच्या पायऱ्यांना संगमरवर लागायचा आणि लोकांना त्याचं काही वाटायचं नाही. मग रबराचा भाव पडला, चौकात सैन्य आलं आणि केरोगा पहाटेच्या बोटीने शहर सोडून गेले. परत आले तेव्हा त्यांना वाटलं होतं की धक्क्यावर निदान दगड मारायला तरी कुणी असेल. एक हमाल होता. त्याने विचारलं, पेटी उचलू का? तेव्हापासून घरातल्या आरामखुर्चीत बसल्याबसल्या त्यांचा उजवा हात मधूनच टेबलाच्या कोपऱ्याकडे जायचा. कचेरीत तिथे पितळी घंटा असे. बोट टेकलं की दार उघडायचं. आता बोटांखाली नुसतं लाकूड लागायचं, आणि हात तिथे का गेला होता हे ते स्वतःपासूनच लपवायचे, धूळ पुसल्यासारखं करायचे.

म्हणून कॅप्टन सार्मेंतो दक्षिणेच्या पठारावरून एक नदी उतरायला निघाला आहे हे कळताच त्याच्याबरोबर जाण्यासाठी त्यांनी उरल्यासुरल्या ओळखी खर्ची घातल्या. नदीचा उगम माहीत होता. पुढे नकाशावर तुटक रेघ होती आणि रेघेच्या शेवटी पांढरा कागद. कुणी म्हणे ती पूर्वेला वळते, कुणी म्हणे दलदलीत जिरते. तिला नाव नव्हतं. दोना लेओकादियांनी नवऱ्याचं सारं बोलणं ऐकून घेतलं, हातातलं भरतकाम बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "तिथे काय करणार तुम्ही? भाषण? माकडांपुढे?"

"नदी कुठे जाते ते पाहायचंय."

"नदी जाईल तिकडे. तुम्ही कुठे चाललात ते सांगा." आणि मग हळू आवाजात, "या वयात माणसं रुसून शेजारच्या खोलीत झोपायला जातात हो. एवढ्या लांब नाही जात."

ते हसले. बायकोचं बोलणं नेमकं लागलं की ते हसायचेच.

नदीने सुरुवातीला त्यांना काही विचारलं नाही. काळपट, गुळगुळीत, दोन्ही काठांच्या झाडांनी वरून मिटत आणलेली. डोंग्या तिच्यावरून कुणीतरी ओढून नेल्यासारख्या सरकत होत्या. केरोगा मधल्या डोंगीत मेणकापडाच्या गाठोड्यांना टेकून बसायचे. पुढे कॅप्टन सार्मेंतो मोजणीची उंच पट्टी आणि होकायंत्र घेऊन, मागे जुने मित्र डॉक्टर उबाल्दो, जे पहिल्या दिवसापासून कण्हत होते आणि मजेत होते. "बेलार्मिनो, हे डास विरोधी पक्षाचे आहेत," ते ओरडायचे, "ते मला तुझा माणूस समजतात!" केरोगांच्या डोंगीचा सुकाणूधारी मांदूका म्हणजे रुंद खांद्याचा, कमी बोलणारा माणूस, पुढे वल्ह्यावर त्याचा धाकटा भाऊ किरीनो, ज्याची जीभ दोघांचं काम एकटीच करायची. ही नदी जिथे कुठे निघेल तिथून त्यांचं गाव खालच्याच अंगाला, मोठ्या नदीच्या काठावर होतं. घरी जायचा लांबचा रस्ता धरलाय, असं किरीनो म्हणायचा. मांदूकाने एकदा न विचारताच सांगितलं, "मी पाहिलंय तुम्हाला साहेब. तुमची आगबोट आमच्या गावावरून गेली होती. आम्ही सगळे काठावर उभे होतो. तुम्ही हात हलवलात."

केरोगांनी मान हलवली. अशा किती आगबोटी, किती काठ. हात हलत असे आणि ते कठड्याशी उभे राहून दुसऱ्याच कशाचा विचार करत असत. पण मांदूकाच्या डोळ्यांत तो हात अजून हलत होता, तिथे केरोगा होते तसेच होते, पांढऱ्या पोशाखात, बँडच्या आवाजात. त्या रात्री झोळीत पडल्यावर त्यांना तो हात फार वेळ दिसत राहिला. माणूस जिथे जिथे पाहिला गेला तिथे तिथे थोडा थोडा शिल्लक राहत असेल काय? मग त्या पोराने मेला म्हटलं तो नेमका कुठला?

जंगल मात्र त्यांना पाहत होतं आणि दिसत नव्हतं. वाळूच्या एका पट्ट्यावर त्यांना निखारे सापडले, राखेखाली अजून ऊब होती. बाजूला भोपळ्याचं एक कमंडलू, अर्धं पाणी भरलेलं. माणसं आत्ताच उठून गेली होती, यांना येताना पाहून. कॅप्टनने तिथे एक सुरी आणि लाल कापड ठेवलं आणि सगळ्यांना पुढे हाकललं. दिवसभर काठाकाठाने एक शीळ त्यांच्याबरोबर येत राहिली. पक्ष्याची असेल म्हणून कुणी तिच्याबद्दल बोललं नाही. केरोगांना त्या शिळेचं भय वाटत होतं, आणि भयाच्या तळाशी एक लाज वाटणारी गोष्ट होती: कुणाचं तरी आपल्याकडे लक्ष आहे याचं समाधान.

मग दगड सुरू झाले. नदी आता शांत राहीना; दर वळणापुढे खालून गाडा घरंगळत असल्यासारखा आवाज यायचा आणि मग पांढरं पाणी दिसायचं. सामान उतरवायचं, झाडं तोडून ओंडके अंथरायचे, त्यांवरून जड डोंग्या दोरांनी ओढत न्यायच्या, पुन्हा पाण्यात सोडायच्या. पुन्हा थोड्या अंतरावर तोच आवाज. पिठाच्या गोण्या बुरसल्या, मिठाला पाणी सुटलं. माणसांचे पाय सुजले, आणि संध्याकाळी शेकोटीभोवतीचं बोलणं आटत आटत नुसतं बसणं उरलं. कॅप्टन प्रत्येकाच्या वाट्याचं पीठ स्वतः वाढू लागला.

त्या जागी नदी दोन काळ्या कड्यांमध्ये शिरून एवढी अरुंद झाली होती की पलीकडच्या कड्यावरचं शेवाळ दिसत होतं. आतलं पाणी फेसाळतही नव्हतं. फुगून, स्नायूसारखं वळून जात होतं. कॅप्टन सार्मेंतो कड्यावर पालथा पडून खूप वेळ पाहत राहिला, मग उठून म्हणाला, "उचलून न्यायच्या. आठवडा जाईल, जाऊ दे." माणसांनी कुऱ्हाडी उचलल्या. त्यांच्या उठण्यातला तो थकवा केरोगांना बघवेना, असं त्यांनी नंतर स्वतःला सांगितलं. त्या वेळी मात्र त्यांच्या मनात काहीच नव्हतं. ते नुसते काठी टेकून उभे होते आणि त्यांच्या तोंडून शब्द गेले: "मला वाटतं, डाव्या अंगाने जमेल."

कुणी त्यांना विचारलं नव्हतं. पाण्याबद्दल त्यांना काही कळत नव्हतं. पण आवाज जुना निघाला होता, छातीतून, शेवटाला किंचित खाली उतरणारा. त्या आवाजाने एकेकाळी पूल झाले होते आणि माणसं तुरुंगात गेली होती. कॅप्टन सार्मेंतो एकेकाळी त्यांच्या राजवाड्याच्या पहाऱ्यावर कोवळा अधिकारी म्हणून उभा असे. ओल्या खडकावर त्याच्या टाचा आपोआप जुळल्या. त्याने तोंड उघडलं, मिटलं. मांदूकाने पाण्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं.

"साहेब म्हणतात तर जमेल," तो म्हणाला.

"साहेबांनी कधी वल्हं धरलंय?" किरीनो दबक्या आवाजात.

"गप रे."

आणि तेव्हा केरोगांना ते सुख झालं. पुढे तापात, वेदनेत, झोळीत हेलकावे खाताना त्यांनी त्या सुखाला पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला. नाकारायचा प्रयत्न केला, दुसरी नावं देऊन पाहिली. ते सुखच होतं. बोट टेकलं होतं आणि दार उघडलं होतं. अजून उघडत होतं. मांदूका आणि आणखी एक वल्हेकरी डोंगीत बसले, डोंगी डाव्या अंगाला लागली, फुगवट्यावर चढली, उतरली, आणि कड्यावरून कुणीतरी आनंदाने ओरडलं. जमलं, असं त्यांना वाटलं. त्या क्षणापुरतं खरोखर जमलंच होतं. मग डोंगीचं टोक कुणी खालून धरल्यासारखं आत गेलं. एवढंच. पाणी होतं तसंच वळत राहिलं. खूप खाली डोंगी उपडी वर आली, मोठ्या माशाच्या पोटासारखी फिक्की. दुसरा वल्हेकरी खडकाला चिकटून खोकत होता. पिठाची निम्मी गोणी, बंदूक, दोर, मांदूका, यांतलं काहीच वर आलं नाही.

किरीनो खडकांवरून हाका मारत धावला. केरोगाही धावले. या वयात, काठी टाकून, का धावले? शोधायला की मागे सगळ्यांबरोबर उभं राहणं नको म्हणून? एका निसरड्या दगडावर पाय सटकला आणि नडगी धारेवर आपटून हाडापर्यंत उघडी पडली. दुखलं नाही. उलट पांढरं हाड पाहून त्यांना हलकं वाटलं, जणू हिशेब लगेच सुरू झाला. पण हिशेब असा सुरू होत नसतो, हे त्यांना संध्याकाळी कळलं, जेव्हा डॉक्टर उबाल्दो जखम बांधत होते आणि किरीनो अजून हाका मारत होता.

सकाळी कॅप्टनने एक खांब तासून कड्यावर रोवला, त्यावर अक्षरं कोरली आणि टोप्या काढायला लावल्या. या घळीला यापुढे मांदूकाचं नाव राहील, असं तो म्हणाला. नकाशात तसं लिहिलं जाईल. किरीनोला वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंय?"

"तुझ्या भावाचं नाव," कॅप्टन हळुवारपणे म्हणाला. "ही जागा आता त्याच्या नावाची."

किरीनोने खांबाकडे पाहिलं, मग खालच्या पाण्याकडे. "ज्याने खाल्लं त्यालाच त्याचं नाव दिलंत?"

 केरोगांना आपली सारी कारकीर्द त्या खांबासारखी दिसली. त्यांनीही असंच केलं होतं. बंदर बांधताना पिवळ्या तापाने गडी मेले तेव्हा बंदरावर शिलालेख लावला होता, मागून बँड वाजत होता, आणि विधवांना पहिल्या रांगेत खुर्च्या दिल्या होत्या. त्यांना ते चांगलं वाटलं होतं. खुर्च्या देण्याची कल्पना त्यांचीच होती.

पाय सुजत गेला. मग ताप आला, गेला, पुन्हा आला आणि जाईनासा झाला. आता ते चालू शकत नव्हते. पाणी शांत असेल तिथे डोंगीच्या तळाशी पडून राहायचे, दगड आले की झोळीत घालून दोघं जण खांद्यावर न्यायचे. त्या दोघांतला एक नेहमी किरीनो असे. का, हे त्यांना समजत नव्हतं. कॅप्टनने पाळ्या लावल्या होत्या, पण किरीनो दुसऱ्याच्या पाळीलाही मुकाट येऊन बांबू खांद्यावर घ्यायचा. झोळीतून त्यांना त्याची मान दिसायची, घामाने चकाकणारी, मुंग्यांनी चावलेली. मानेवरून राग कळत नाही. तापात ती मान कधी मांदूकाची व्हायची, कधी राजवाड्याच्या दारावरच्या शिपायाची, आणि त्यांचा उजवा हात झोळीच्या कडेवरून बाहेर पडून हवेत काहीतरी चाचपायचा. "काय पाहिजे?" डॉक्टर विचारायचे. "घंटा," ते म्हणायचे. डॉक्टर तोंड वळवायचे. आता ते विनोद करत नसत.

लेओकादिया झोळीशेजारी भरतकाम करत बसल्या होत्या. टाके घालता घालता म्हणाल्या, सांगा आता, कुठे चाललात? त्यांनी उत्तर द्यायचा खूप प्रयत्न केला. नदी कुठे जाते ते त्यांना आता अजिबात पाहायचं नव्हतं. त्यांना थांबायचं होतं. कुठल्यातरी झाडाच्या मुळांत, ओल्या पानांत, सगळ्यांच्या खालच्या बाजूला. त्यात दुःखही नव्हतं फारसं. बेलेममध्ये ज्याला मागच्या दाराची गार हवा समजले होते ती हीच असणार. आणि त्यात चांगुलपणाही होता, असं त्यांना वाटू लागलं. ते नसतील तर दोन खांदे मोकळे होतील, एका तोंडाचं पीठ वाचेल. डॉक्टरांना त्यांनी तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तू जन्मभर लोकांसाठी त्याग करत आलास बेलार्मिनो, आणि दर वेळी महागात पडलं लोकांना. पडून राहा."

शेवटच्या मोठ्या धबधब्यापाशी भर दुपारी सगळे सामान घेऊन चढणीवर गेले होते. त्यांची झोळी खाली सावलीला बांधली होती, पाण्यापासून जवळ. खाली भोवरा होता, मंद, तपकिरी, फेसाची चाकं फिरवणारा. केरोगांनी आधी चांगला पाय बाहेर काढला, मग अंग घरंगळू दिलं. पडण्याचा आवाज पाचोळ्याने गिळला. मग कोपरांवर, पोटावर, जखमेचा पाय मागे ओढत ते सरकू लागले. दगड तापलेले होते. एक निळं फुलपाखरू त्यांच्या मनगटावर येऊन घाम पीत बसलं, आणि त्यांना ते उडवून लावावंसं वाटेना. त्यांच्या मनात एक वाक्य तयार होत होतं, जे कॅप्टन कुणाला तरी सांगेल, जे छापून येईल. माजी गव्हर्नरांनी आपल्या सोबत्यांवर भार होऊ नये म्हणून. वाक्य सुंदर होतं. त्याचा शेवट त्यांना अजून जमत नव्हता.

"कुठे निघालात?"

किरीनो वरच्या दगडावर उकिडवा बसला होता. कधीपासून, कोण जाणे.

"पाणी प्यायला," केरोगा म्हणाले.

"पाणी झोळीपाशी ठेवलंय."

केरोगांनी भोवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ दे मला. तुझ्यासाठीही बरं आहे ते."

"माझ्यासाठी?" किरीनो खाली उतरला, त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये येऊन बसला. त्याचा चेहरा इतक्या जवळून त्यांनी कधी पाहिला नव्हता. ओठ फुटलेले, एका डोळ्याखाली गळू. "तुम्ही इथं मेलात तर काय होईल सांगू साहेब? कॅप्टन खांब रोवील. मोठा. बेलेमला तुमचा पुतळा होईल, लोक रडतील. आणि मी एकटा घरी जाईन. आई विचारील, थोरला कुठाय? मी काय सांगू? साहेबांनी सांगितलं म्हणून तो गेला, आणि साहेब पण गेले. झालं. फिटलं. तसंच ना?"

"मग काय करू मी?"

"जगा." तो शब्द त्याने शिवी दिल्यासारखा टाकला. "जगा आणि चला माझ्या घरी. आईसमोर उभे राहा आणि तुमच्या तोंडाने सांगा. म्हणून वाहतोय तुम्हाला. तुम्हाला काय वाटलं, माया आलीय?"

केरोगा हसले. बोलणं नेमकं लागलं होतं. मग त्यांना हसू आवरेना, आणि हसताहसता कधीतरी त्याचं दुसरंच काही झालं. किरीनो पाहत राहिला. मग त्याने त्यांना काखेत धरून उचललं, लहान मुलाला पाण्यापासून लांब न्यावं तसं, आणि झोळीत टाकलं.

जगणं फार कष्टाचं होतं. डॉक्टरांनी पायातला पू बांबूच्या नळीने काढला, भूल नव्हती. ते ओरडले. मरायचं ठरवलेला माणूस ओरडत नाही. तो वेदनेकडे थोड्या लांबून पाहतो. त्यांना ते अंतर आता उरलं नव्हतं. भूक परत आली, तीही लाज सोडून. एका माकडाच्या रश्श्यासाठी त्यांनी कॅप्टनकडे अशा नजरेने पाहिलं की त्यानेच नजर खाली घातली. आणि एके सकाळी काठावरच्या एका रबराच्या झाडाच्या खोडावर कुऱ्हाडीच्या तिरप्या खाचा दिसल्या, जुन्या, चीक वाळलेल्या, आणि सगळी डोंगी एकदम बोलायची थांबली. माणसाचं काम. त्यापुढे एक झोपडी, मग आणखी एक, मग धूर, मग ती नदी, जिला नाव होतं आणि जिच्यावर आगबोट होती. कॅप्टन सार्मेंतो रडला. नकाशावरची तुटक रेघ आता सलग होणार होती, आणि तो म्हणाला की उतरून आलेल्या या नदीला गव्हर्नरसाहेबांचं नाव द्यायचं त्याने मनाशी ठरवलंय. "नको," केरोगा म्हणाले. "निदान माझ्या डोळ्यांदेखत नको." कॅप्टनला तो विनय वाटला.

डॉक्टर आणि कॅप्टन आगबोटीवरच थांबले. इथे कशाला उतरतोस, शहरातून काहीतरी पाठवून देता येईल, असं डॉक्टर म्हणाले, आणि मित्राचा चेहरा पाहून पुढे बोलले नाहीत. गाव म्हणजे खांबांवर उभी असलेली काही घरं, खाली चिखल, चिखलात डुकरं. किरीनो पुढे, केरोगा दोन काठ्यांवर मागे. हवेत भाजल्या पिठाचा वास होता. घराच्या मागच्या छपरीत बिबियाना, त्या दोघांची आई, मोठ्या तव्यावर मान्योक कंदाचं पीठ लाकडी फावड्याने परतत होती. बारीक, काळी, वाळक्या हातांची बाई. तिने धाकट्याला पाहिलं, त्याच्या मागे पाहिलं, एका अनोळखी पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याला पाहिलं, आणि पुन्हा त्याच्याही मागे, वाटेकडे पाहिलं. फावडं थांबलं नाही. थांबलं असतं तर पीठ करपलं असतं.

"आई," किरीनो म्हणाला, "यांना काही सांगायचंय."

"तुम्ही कोण, बाबा?"

त्यांनी नाव सांगितलं. ते तिच्या चेहऱ्यावरून कशालाही न अडखळता निघून गेलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. जन्मभर त्यांना बोलता येत आलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे घशालाच माहीत होतं. आता घशाने ते सारं पुढे केलं आणि त्यांना ते एकेक करून बाजूला सारावं लागलं. अरुंद जागा होती. कॅप्टन नको म्हणाला होता. मला पाण्यातलं काही कळत नाही. मी म्हटलं जमेल. तो गेला. एवढं बोलून झालं तेव्हा त्यांना धाप लागली होती.

बिबियानाने तव्याखालची लाकडं मागे ओढली. पीठ उरल्या आचेवर तिने अजून थोडा वेळ हलवलं. तिच्या तोंडातून आवाज आला नाही, फक्त ओठ आत ओढले गेले, दात नसल्यासारखे. किरीनो खांबाला टेकून केरोगांकडेच पाहत होता. त्यांना वाटलं, आता ती ओरडेल, शाप देईल, फावडं उगारील. ते तयार होते. खरं म्हणजे ते त्याचीच वाट पाहत होते.

"जाताना त्यानं काही खाल्लेलं होतं का?" तिने विचारलं.

या प्रश्नाची तयारी त्यांच्यापाशी नव्हती. आणि मग ती सकाळ त्यांच्यासमोर उभी राहिली, जिच्याकडे त्यांनी इतक्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं, तापातही नाही. वाळूत कासवाची अंडी सापडली होती, थोडीच. कॅप्टनने ती उकडून केळीच्या पानावर साहेबांपुढे ठेवली होती. बाकीच्यांनी घळ पार झाल्यावर खायचं ठरलं होतं. अंड्यांना माती आणि माशाचा वास होता, आणि मीठ नव्हतं. मांदूका समोरच डोंगीची दोरी सोडत होता. त्याने एकदा पानाकडे पाहिलं होतं आणि, खाणाऱ्याला संकोच होऊ नये म्हणून, पाठ फिरवली होती.

हो म्हणता आलं असतं. कुणाचं नुकसान नव्हतं. ती बाई म्हातारी होती, आणि पोटभर जेवून गेलेला मुलगा तिला उरलेल्या रात्रींना पुरला असता. जुना आवाज घशात येऊन उभा राहिला, मऊ, उदार. केरोगांनी किरीनोकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. तोही त्या सकाळी उपाशी होता. पण त्याने डोळे खाली वळवले होते. म्हणजे खोटं बोलायची परवानगीसुद्धा मिळाली होती.

"नाही," केरोगा म्हणाले. "मी खाल्लं होतं."

"काय?"

"कासवाची अंडी."

तिने मान हलवली, हळूहळू, पुष्कळदा. मग ती उठून आत गेली. आत भांडी वाजली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मातीचे दोन वाडगे होते; भाजलेला मासा आणि त्यावर गरम पीठ. एक तिने मुलापुढे ठेवला. दुसरा केरोगांसमोर फळीवर ठेवला आणि त्यांच्या पुढ्यातच, गुडघे पोटाशी घेऊन, जमिनीवर बसली.

"खा," ती म्हणाली.

त्यांनी किरीनोकडे पाहिलं. तो जेवत होता, घाईघाईने, मान खाली घालून, आणि त्याचे खांदे हलत होते. केरोगांनी पिठाचा घास घेतला. कोरडं, जाड पीठ टाळूला चिकटलं, खाली जाईना. ते चावत राहिले. बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. नजरेत काहीच नव्हतं, राग नाही, क्षमा तर नाहीच. ते खरंच गिळतात की नाही एवढंच ती पाहत होती. खाली नदीवर आगबोटीने शिट्टी दिली. कुणीच उठलं नाही. त्यांनी घास गिळला आणि दुसऱ्यासाठी हात वाडग्यात घातला.